वाचकांचे प्रश्न : पेशी, समीकरणं आणि पीएचडीची वाट

नॉनलिनिअर डायनॅमिक्स म्हणजे अरेषीय गतिकी. दुप्पट कारणाला दुप्पट परिणाम मिळत नाही, अशा व्यवस्थांचं हे गणित. पेशी, हृदय, पक्ष्यांचे थवे, साथी असे विषय घेऊन त्यात संशोधन करू पाहणाऱ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यातून आले. त्यांतले काही निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : बी.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीला जीवशास्त्र नव्हतं. या विषयात शिरता येईल का? सुरुवात कुठून करू? (घणसोली)

जीवशास्त्र नसल्यानं अडत नाही. लिनिअर अल्जिब्रा कच्चा असेल तर मात्र पहिल्याच महिन्यात अडेल. इथलं रोजचं काम साधारण असं असतं: पेशीतल्या एखाद्या रेणूचं प्रमाण किंवा एखाद्या प्रजातीची संख्या किती वेगानं बदलते ते लिहायचं, हे वेग जिथे शून्य होतात ते स्थिरबिंदू काढायचे, त्या बिंदूपाशी जेकोबियन मॅट्रिक्सच्या (वेगांच्या आंशिक डेरिव्हेटिव्हच्या तक्त्याच्या) आयगेनव्हॅल्यू पाहायच्या, म्हणजे छोटासा धक्का विरतो की वाढतो ते कळतं, आणि एखादा पॅरामीटर हळूहळू हलवला की व्यवस्थेचा स्वभाव कुठे पालटतो ते शोधायचं. त्या पालटण्याला बायफर्केशन म्हणतात. म्हणजे आयगेनव्हॅल्यू, डिफरन्शियल इक्वेशनचे फेज प्लेन, थोडं रिअल अ‍ॅनालिसिस आणि प्रॉबॅबिलिटी एवढी शिदोरी हवी. टोपॉलॉजी नंतर आली तरी चालते.

पहिला सराव वही आणि कॅल्क्युलेटरवर होतो. पुढच्या वर्षीचा क्ष = र × क्ष × (१ − क्ष) हे लॉजिस्टिक समीकरण घ्या. क्ष म्हणजे कमाल संख्येच्या तुलनेत यंदाची संख्या, र म्हणजे वाढीचा दर. रॉबर्ट मे यांनी १९७६ साली ‘नेचर’मध्ये लोकसंख्येच्या संदर्भात ज्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं, ते हेच. स्थिरबिंदू १ − १/र इथे येतो आणि तिथला उतार २ − र. हा उतार −१ आणि १ यांच्यामध्ये असेपर्यंत, म्हणजे र १ ते ३ असताना, संख्या एका जागी स्थिरावते. र = ३.२ ला ती ०.५१३ आणि ०.७९९ यांच्यामध्ये आलटून पालटून फिरते, ३.५ ला चार किमतींत, साधारण ३.५७ च्या पुढे केऑस (नियम ठरलेला असूनही लांबचं भाकीत करता येत नाही अशी अनियमितता) सुरू होतो आणि ३.८३ ला मध्येच तीन किमतींचं स्वच्छ चक्र सापडतं.

आता इथे विद्यार्थी कुठे फसतात ते पाहा. र = २.९९ ला उतार −०.९९ आहे. म्हणजे प्रत्येक पायरीला स्थिरबिंदूपासूनचं अंतर फक्त एक टक्क्यानं घटतं आणि ते हजारांशावर यायला जवळपास ६९० पायऱ्या लागतात. सुरुवातीच्या शंभर पायऱ्या टाकून पुढचं आलेखात उतरवलं, तर दोन किमतींचं चक्र असल्याचा भास होतो, आणि विद्यार्थी ‘बायफर्केशन तीनच्या आधीच होतं’ असं लिहून मोकळा होतो. समीकरणात तसं काहीच नाही. समीकरण काय म्हणतं, संगणक काय म्हणतो आणि मोजणी काय म्हणते, या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता येणं हेच या क्षेत्रातलं मुख्य कौशल्य आहे. खालच्या बहुतेक उत्तरांत तेच पुन्हा पुन्हा येईल.

दुसरा सराव फिट्झह्यू–नागुमो मॉडेलचा. चेतापेशीच्या स्पंदनाचं हे दोन चलांचं रूप. व्होल्टेज व, सावरण्याचं चल प आणि बाहेरून दिलेला प्रवाह प्र, असं धरा. व चा वेग = व − व×व×व/३ − प + प्र, आणि प चा वेग = ०.०८ × (व + ०.७ − ०.८×प). जेकोबियनची ट्रेस (मुख्य कर्णावरच्या पदांची बेरीज) शून्य करा. व चा वर्ग ०.९३६ येतो आणि त्यावरून प्रवाहाच्या दोन सीमा मिळतात: साधारण ०.३३ आणि १.४२. यांच्यामध्ये पेशी आपोआप ठोके देत राहते. हे हातानं काढा आणि मगच संगणकावर पडताळा. पडताळताना प्रवाह ०.३३ च्या आसपास आधी वाढवत न्या, मग कमी करत आणा. ठोके सुरू होण्याची आणि थांबण्याची जागा तंतोतंत एक येणार नाही, कारण या किमतींना तिथलं हॉफ बायफर्केशन (स्थिरबिंदू डळमळून दोलन सुरू होण्याची जागा) सबक्रिटिकल जातीचं आहे. थोड्याशा पट्ट्यात शांतता आणि ठोके दोन्ही स्थिर असतात आणि त्यांच्यामध्ये एक अस्थिर चक्र दडलेलं असतं. काळात पुढे चालवलेलं नुसतं सिम्युलेशन ते चक्र दाखवत नाही.

जीवशास्त्राचं म्हणाल तर एकच व्यवस्था निवडा आणि ती नीट वाचा: चेतापेशी, पेशीचं घड्याळ किंवा एखादी अन्नसाखळी. तिथली एककं पाठ हवीत. मिलिव्होल्ट, मिलिसेकंद, नॅनोमोलर यांत गल्लत झाली की पुढचं सगळं गणित बिनचूक असूनही निरुपयोगी ठरतं.

प्रश्न : भक्ष्य-भक्षकाचं लोटका–वोल्टेरा मॉडेल पायथॉनमध्ये लिहिलं. पुस्तकात बंद वर्तुळं येतात, माझी वळणं बाहेर बाहेर जातात. पॅरामीटर चुकले का? (कळवा)

पॅरामीटर ठीक असणार. तुम्ही ऑयलरची पद्धत वापरली असावी, म्हणजे आत्ताच्या वेगानं सरळ रेषेत एक पायरी पुढे जाणारी.

चारही स्थिरांक १ घेतले तर समतोल (१, १) वर येतो आणि त्याच्याजवळच्या दोलनाची कोनीय गती १ असते. ऑयलरच्या प्रत्येक पायरीला दोलनाचा आकार (१ + पायरीचा वर्ग) याच्या वर्गमुळाइतका गुणला जातो. पायरी ०.१ असेल तर दर पायरीला अर्धा टक्का वाढ. एका फेरीत ६३ पायऱ्या, म्हणजे फेरीमागे सुमारे ३७ टक्के. पायरी ०.०१ केली तर फेरीमागे ३ टक्के, म्हणजे दहा फेऱ्यांनंतर पुन्हा तेवढीच फुगवटी. पायरी कितीही लहान करा, वळण बाहेरच जाणार, फक्त उशिरा. चौथ्या क्रमाची रुंगे–कुट्टा घ्या. त्याच ०.१ पायरीला एका फेरीत दोलनाच्या आकारातली चूक दहा लाखांत अर्ध्या भागापेक्षाही कमी राहते.

तपासणीचं साधन मॉडेलमध्येच आहे. वरच्या स्थिरांकांना क्ष − लॉग क्ष + य − लॉग य ही राशी (क्ष भक्ष्य, य भक्षक, लॉग नैसर्गिक) कधीच बदलता कामा नये. दर शंभर पायऱ्यांनी ती छापा. बदलत असेल तर दोष संगणकाच्या खात्यात टाका.

पायथॉनमधल्या सायपायचं सॉल्व्ह-आयव्हीपी वापरणाऱ्यांसाठीही इशारा: त्याची मूळ सापेक्ष सहनसीमा (आरटोल) एक हजारांश आहे. चित्र काढायला पुरते, प्रबंधाला पुरत नाही. आरटोल एक कोटीअंश किंवा त्याहून कमी ठेवा आणि एटोल, म्हणजे निरपेक्ष सीमा, तुमच्या सर्वात लहान चलाच्या मापानं ठरवा. एखादं चल फार वेगानं आणि दुसरं फार संथ बदलत असेल, म्हणजे व्यवस्था स्टिफ असेल, तर मूळची आरके-४५ सोडून एलसोडा किंवा राडाउ निवडा. खूण सोपी आहे: प्रोग्राम विनाकारण रखडतो आणि पायऱ्या लाखांत जातात.

चेतापेशीच्या विद्युत-स्पंदनाच्या हॉजकिन–हक्सली मॉडेलकडे वळलात तर आणखी दोन खड्डे आहेत. १९५२ च्या मूळ लेखात व्होल्टेज विश्रांतीच्या पातळीपासून मोजलेलं आणि उलट्या चिन्हाचं आहे. आजच्या पद्धतीचा कोड लिहून त्यात तिथले गुणांक जसेच्या तसे टाकले, तर ठोका उमटतच नाही. दुसरा खड्डा शून्य भागिले शून्याचा. चिन्ह आजच्यासारखं करून विश्रांतीपासून मोजलं, तर पोटॅशियमच्या दराचं सूत्र नेमक्या १० मिलिव्होल्टला आणि सोडियमचं २५ ला अडकतं आणि सगळे आकडे ‘नॅन’ (‘संख्याच नाही’ अशी खूण) होतात. तिथे हातानं मर्यादा-किंमत द्या: पहिल्याला ०.१, दुसऱ्याला १. शिवाय ते दर ६.३ अंश सेल्सिअसचे आहेत. तापमान बदललं की दर दहा अंशांना तिपटीनं वाढवावे लागतात.

एक जाता जाता. लोटका–वोल्टेराची ती सुबक बंद वर्तुळंही निसर्गाची नव्हेत. भक्ष्याच्या वाढीला जराशी मर्यादा घातली की ती आत वळून समतोलावर बसतात. खऱ्या, टिकाऊ दोलनासाठी भक्षकाचं पोट भरणं समीकरणात आणावं लागतं. म्हणजे बाहेर जाणारं वळण ऑयलरचं, बंद वर्तुळ लोटका–वोल्टेराचं. निसर्गाबद्दल अजून काहीच सांगून झालेलं नाही!

प्रश्न : मुलीला एम.एस्सी.नंतर या विषयात पीएचडी करायची आहे. किती वर्षं, किती पैसे, आणि पुढे नोकरी आहे का? तिनं शक्यतो ठाण्यातून जाऊन-येऊन करावं असं आम्हाला वाटतं. (ठाणे पश्चिम)

आधी वर्षं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहेत आणि सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क. या विषयात पाच वर्षं धरून चाला. त्यानंतर दोन ते चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन, बऱ्याचदा दुसऱ्या शहरात किंवा देशात. कायमची जागा तिशी ओलांडल्यावर मिळते, हे घरात आधीच बोलून ठेवलेलं बरं.

पैसे. सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि कामाचा आढावा झाल्यावर ४२,०००. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. गणिताच्या पेपरात तीन भाग आणि २०० गुण असतात. ‘सी’ भागात ६० पैकी २० प्रश्न सोडवायचे, प्रत्येकाला ४.७५ गुण. तिथे चुकीला गुण कापत नाहीत, पण बरोबर पर्याय एकाहून अधिक असू शकतात आणि ते सगळे टिपले तरच गुण मिळतात. ‘ए’ आणि ‘बी’ मध्ये चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन पक्कं करणाऱ्या विद्यार्थ्याला हा पेपर पेलतो. पेपरात जीवशास्त्र औषधालाही नसतं, त्यामुळे मॉडेलिंगचा अभ्यास परीक्षेच्या नावाखाली बंद पडू देऊ नका. गेट आणि एनबीएचएमच्या (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या) परीक्षाही सोबत द्याव्यात.

संस्था. ठाण्याहून रोज करता येण्यासारखी पहिली जागा पवईची आयआयटी: कांजूरमार्गला उतरून पुढे बस किंवा रिक्षा. तिथे गणिताबरोबर बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग हा विभागही आहे आणि या विषयाचा मार्गदर्शक दोन्हींपैकी कुठेही सापडू शकतो. कलिनाचं विद्यापीठ आणि माटुंग्याची आयसीटीही आवाक्यात आहेत. कुलाब्याच्या टीआयएफआरचा गणित विभाग मुख्यतः शुद्ध गणिताचा. त्यांचं उपयोजित गणिताचं केंद्र बंगळुरूला आहे. नवी मुंबईतल्या वाचकांनी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकचं नाव लक्षात ठेवावं. तिथे कर्करोगावर प्रयोग चालतात आणि गणितवाल्यांना विचारण्याजोगे प्रश्न अशाच ठिकाणी असतात. मात्र स्पष्ट सांगतो: जाऊन-येऊन करण्याच्या अटीवर मार्गदर्शक निवडू नका. बंगळुरूचं आयसीटीएस आणि एनसीबीएस, चेन्नईचं आयएमएससी, पुण्याचं आयसर या संशोधन संस्थांची नावं यादीत असायलाच हवीत. पाच वर्षांचा विषय लोकलच्या वेळापत्रकावर ठरवणं महागात पडतं.

नोकरी. विद्यापीठात किंवा महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. जागा मोजक्या निघतात आणि मधल्या काळात अनेकजण तासिका तत्त्वावर शिकवतात. विद्यापीठाबाहेर औषधकंपन्यांत शरीरातल्या औषधाच्या प्रमाणाचं मॉडेलिंग करणाऱ्यांना मागणी असते. तिथे डिफरन्शियल इक्वेशनबरोबर संख्याशास्त्र विचारतात. ‘मिक्स्ड इफेक्ट्स’ मॉडेल (सगळ्यांचा सामाईक कल आणि व्यक्तिगणिक फरक एकत्र मांडणारं) येत असेल तर मुलाखत सोपी जाते.

प्रश्न : ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या संख्येत केऑस आहे का, हे प्रोजेक्टसाठी तपासता येईल का? (ऐरोली)

नाही.

दोन कारणं. लॉजिस्टिकसारखी समीकरणं बंदिस्त लोकसंख्येसाठी आहेत: इथेच जन्मणार, इथेच मरणार. खाडीतले फ्लेमिंगो हंगामी पाहुणे. त्यांची वीण दुसरीकडे, तिथलं पाणी-पावसाचं मान दुसरं. इथली संख्या घटली म्हणजे पक्षी घटले असं नाही. ते दुसऱ्या पाणथळीवर उतरलेले असू शकतात. दुसरं कारण मोजणीचं. मालिकेत एन नोंदी असतील तर तिच्यातून साधारण २ × लॉग (१० पायाचा) एन याहून मोठी मिती काढता येत नाही, ही एकमान आणि रुएल यांनी १९९२ साली दाखवलेली मर्यादा. वर्षाला एक अशा वीस वर्षांच्या नोंदी असल्या तरी ती २.६ येते. एवढ्यात केऑस आणि साधा गोंगाट यांचा निवाडा होत नाही.

त्याऐवजी भरती-ओहोटीच्या वेळेनुसार एकाच चिखलपट्टीवर संख्या कशी बदलते ते मोजा. दर १५ मिनिटांनी एक मोजणी, तीच जागा, शक्यतो दोन निरीक्षक आणि दोघांचे आकडे वेगवेगळे लिहिलेले. भरतीची उंची हे बाहेरून ढकलणारं बल धरून मॉडेल मांडता येतं आणि दोन निरीक्षकांतला फरक तुम्हाला मोजणीतली चूक फुकटात सांगतो. अभयारण्याच्या हद्दीत जाताना वनविभागाची परवानगी लागते, ती आधी काढा.

प्रश्न : एम.एस्सी. झालं, जेआरएफ आहे. मार्गदर्शक आणि विषय कसा निवडावा? ‘जैविक घड्याळाचं मॉडेल’ असं काहीतरी डोक्यात आहे. (नेरूळ)

मार्गदर्शकाला भेटण्याआधी त्यांच्या शेवटच्या तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचा आणि शक्य असेल तर त्या विद्यार्थ्यांशी बोला. किती वर्षं लागली, पहिला लेख कितव्या वर्षी आला, प्रयोग करणारा सहकारी खरोखर होता की फक्त आभारात होता, एवढं विचारलंत तरी पुरे. मॉडेलला नवी मोजणी मिळण्याची सोय नसेल तर तिसऱ्या वर्षी तुम्ही जुन्याच समीकरणात एक नवा पद घालून ‘हेही आंदोलित होतं’ असं दाखवत बसाल. असे लेख छापून येतात. कुणी वाचत नाही.

घड्याळाच्या मॉडेलचंच उदाहरण घेऊ. गुडविनचं तीन पायऱ्यांचं मॉडेल प्रसिद्ध आहे: जनुकापासून आरएनए, त्यापासून प्रथिन, त्यापासून दाबणारा रेणू, आणि तो रेणू जनुकाला गप्प करतो. ग्रिफिथ यांनी १९६८ साली दाखवलं की दाबण्याची तीव्रता, म्हणजे हिल गुणांक, ८ पेक्षा जास्त असल्याशिवाय यातून आंदोलन निघत नाही. हिशोब अर्ध्या पानाचा आहे. तिन्ही विघटन-दर सारखे धरले तर स्थैर्य मोडण्यासाठी लूपचा एकूण लाभ, म्हणजे एका फेरीत बदल किती पटीनं वाढतो तो आकडा, ८ लागतो, कारण ६० अंशांच्या सेकंटचा घन ८. दर असमान असतील तर आणखी जास्त. पेशीत सहसा सापडणारे हिल गुणांक २ ते ४ च्या घरातले. मग वाटा कोणत्या? पायऱ्या वाढवा: चार सारख्या पायऱ्यांना सीमा ४ वर येते, पाचांना २.९ च्या खाली. नाहीतर विघटनाला एन्झाइमची मर्यादा घाला. नाहीतर एकाऐवजी तीन जनुकं एकमेकांना दाबतील अशी गोल रचना करा. एलोविट्झ आणि लाइबलर यांनी २००० साली ई. कोलाय जिवाणूत नेमकी अशी रचना बसवून दाखवली, रिप्रेसिलेटर या नावानं. तिथे तिघांचे लाभ एकमेकांत गुणले जातात, म्हणून प्रत्येकाचा गुणांक माफक असला तरी भागतं.

तुमच्या मनातल्या विषयावर हा हिशोब पहिल्या आठवड्यात करा. सिम्युलेशनला गुणांक १० लागत असेल, तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार.

दुसरा सापळा ‘माझं मॉडेल आकड्यांना बसतं’ या वाक्यात असतो. याचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण आपल्याच मुंबईचं आहे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली साथीच्या गणिताचा पाया घालणारा लेख लिहिला. त्यात डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंना एक वक्र बसवला आहे: आठवड्याचे मृत्यू = ८९० × हायपरबोलिक सेकंटचा वर्ग, कोन (०.२ × आठवडा − ३.४). म्हणजे शिखर सतराव्या आठवड्यात, ८९० वर. वक्र देखणा बसतो. पण हा प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरणारा, माणसाकडून माणसाकडे नव्हे. माणसातला प्लेग उंदरांतल्या साथीचं प्रतिबिंब आहे हे लेखकांनाही ठाऊक होतं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. वक्रात तीन मोकळे आकडे आहेत. एक चढ आणि एक उतार असलेला कुठलाही उंचवटा तीन आकड्यांत बऱ्यापैकी बसतो. त्यामुळे बसला म्हणून संसर्गाची यंत्रणा सिद्ध होत नाही आणि त्या आकड्यांना संसर्गदर म्हणून वाचताही येत नाही.

म्हणून लेख पाठवण्याआधी आयडेंटिफायेबिलिटी, म्हणजे आकडेवारीवरून पॅरामीटर ठरवता येतो का, हे तपासा. एक पॅरामीटर ठरावीक किमतीला बांधा, बाकीचे नव्यानं बसवा, चूक किती वाढते ते नोंदवा, मग किंमत सरकवा आणि पुन्हा. आलेखाला खोल दरी दिसली तर तो पॅरामीटर आकडेवारीतून खरोखर ठरतो. आलेख सपाट असेल तर तुमच्या ‘मोजलेल्या’ दराला अर्थ नाही. त्या वेळी जीवशास्त्रज्ञाकडून तो एक दर वेगळा मोजून घ्यावा किंवा मॉडेल लहान करावं. बारा चलांचं मॉडेल तीन चलांवर आणलं तर लाज वाटण्याचं कारण नाही. हॉजकिन–हक्सलीची चार चलं फिट्झह्यूनं दोनवर आणली, तेव्हाच ती कागदावर समजायला लागली.

गणितज्ञानं जीवशास्त्रात शिरणं आपल्याकडे नवं नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ साली जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र दिलं आणि जनुकनकाशे करणारे लोक आजही त्यांच्या नावानंच ते वापरतात. एका नेमक्या मोजणीला नेमकं उत्तर, एवढाच त्याचा आवाका होता. विषय निवडताना हे माप डोळ्यांपुढे असू द्या.

प्रश्न : महाविद्यालयात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. अर्धवेळ पीएचडी शक्य आहे का? ईसीजीवर काम करावं म्हणते. (खारघर)

नियमानं शक्य आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला मुभा आहे. नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र लागतं. सीएचबीची नेमणूक दरवर्षी नव्यानं होत असल्यानं ते पत्र कोण देणार हे अर्जाआधी विद्यापीठाच्या संशोधन विभागात लेखी विचारून घ्या.

ईसीजीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. फिजिओनेट या संकेतस्थळावर एमआयटी-बीआयएच संग्रह मोफत मिळतो: ४७ व्यक्तींच्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, सेकंदाला ३६० नमुने, प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांची खूण. हा नमुनादर धरला तर दोन ठोक्यांमधलं अंतर २.८ मिलिसेकंदांपेक्षा बारीक मोजता येत नाही, हे पहिल्याच पानावर लिहा. संग्रह अमेरिकेतला असल्यानं विजेची गुणगुण ६० हर्ट्झवर आहे. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या सवयीनं फिल्टर लावला तर ती तशीच राहते.

पुढचा टप्पा घसरडा आहे. अर्ध्या तासात साधारण दोन हजार ठोके मिळतात. त्यातून लायपुनोव्ह एक्स्पोनंट (जवळजवळच्या दोन वाटा किती वेगानं फाकतात त्याचा आकडा) काढला, तो धन आला, म्हणून हृदयात केऑस आहे असं लिहिलं, अशा लेखांची या क्षेत्रात रीघ लागून गेली. फिल्टरमधून गेलेला नुसता गोंगाटही धन आकडा देतो. म्हणून सरोगेट चाचणी करा: मूळ मालिकेचं वर्णपट आणि किमतींचं वाटप तेच ठेवून फेज विस्कटलेल्या ३९ मालिका तयार करा आणि तुमचा आकडा त्या सगळ्यांच्या बाहेर पडतो का ते पाहा. दोन्ही बाजूंची चाचणी ५ टक्के पातळीवर करायला ३९ पुरतात, एकाच बाजूची असेल तर १९. अकाली ठोके आधी काढा. एकटा तसा ठोकाही मालिकेला अरेषीय असल्याचं सोंग देतो. आणि रुग्ण झोपला, उठला, खोकला, तर मालिका स्थिर राहत नाही. तेव्हा आकडा सगळ्या सरोगेट मालिकांच्या बाहेर पडला तरी कारण अरेषीयता नसून बदलती अवस्था असू शकते. हे तपासायला मालिका पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत तोडून सरासरी आणि विचलन शेजारी शेजारी ठेवा.

‘केऑस आहे का’ हा प्रश्न सोडून दिलात तर काम सोपं आणि उपयोगी होतं. एक आड एक ठोका लहान-मोठा होण्याला अल्टरनन्स म्हणतात. तिथे बायफर्केशनचं गणित थेट लागू पडतं: ठोक्याचा कालावधी आधीच्या विश्रांतीवर कसा अवलंबून आहे याचा वक्र काढायचा आणि त्याचा उतार १ ओलांडतो का ते पाहायचं. पहिल्या उत्तरातला २ − र हा उतार आणि हा उतार एकाच जातीचे.

प्रश्न : यासाठी लॅपटॉप कसला घ्यावा? गेमिंगवाला लागतो का? (पनवेल)

नाही. ८ जीबी रॅमचा कुठलाही चालतो. दोन-तीन चलांचं मॉडेल हजार पॅरामीटरवर चालवायला मिनिटं लागतात. पायथॉन, ज्युलिया आणि बायफर्केशन शोधणारं एक्सपीपीऑट तिन्ही मोफत आहेत. तेच काम करणाऱ्या मॅटकॉन्टला मात्र मॅटलॅबचा परवाना लागतो, तो संस्थेत असला तरच त्याच्या वाटेला जा. विंडोजवर एक्सपीपीऑटसाठी आधी एक्समिंगसारखा एक्स-सर्व्हर बसवावा लागतो. तो सुरू नसेल तर खिडकीच उघडत नाही आणि लोक प्रोग्राम बिघडला समजून काढून टाकतात. ‘आउट ऑफ बाउंड्स’ असं आलं तर घाबरू नका. मूळ सीमा १०० असते, व्होल्टेजचं मॉडेल ती सहज ओलांडतं, फाइलमध्ये वाढवून द्या. बायफर्केशनचा आलेख काढण्याआधी मॉडेल चालवून, शेवटच्या बिंदूपासून दोन-तीनदा पुन्हा चालवून स्थिरबिंदूवर पुरतं बसू द्या. तसं न करता ऑटो (एक्सपीपीऑटमधला बायफर्केशनचा भाग) उघडलं तर पहिल्याच पायरीला ‘एमएक्स’ खूण येते, म्हणजे गणित जुळलं नाही. ‘एचबी’ खूण आली तर ते हॉफ बायफर्केशन. पहिल्या उत्तरातलं फिट्झह्यू–नागुमो चालवून ती ०.३३ आणि १.४२ ला येते का बघा, म्हणजे सगळं बरोबर बसलंय.